कुलाब्याच्या चुंबकीय नोंदींपासून धानोऱ्याच्या कठीण खडकापर्यंत : भूगर्भीय विद्युतवाहकतेच्या शोधाचा इतिहास

प्रस्तावना

गडचिरोलीहून पूर्वेस छत्तीसगडच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर धानोरा हे तालुक्याचे ठिकाण आहे. या परिसरातील खडक अतिप्राचीन असून तो प्रामुख्याने ग्रॅनाइट व पट्टिताश्म या प्रकारचा आहे. पश्चिम विदर्भाला झाकणारा काळ्या बेसाल्टचा थर येथपर्यंत पोहोचत नाही. वर्धा खोऱ्यातील कोळसायुक्त वालुकाश्मही येथे नाहीत. अशा कठीण खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि खालच्या अखंड खडकाला गेलेल्या भेगांत. मुरूम किती खोल आहे आणि भेग कोठे आहे, हे दोन प्रश्न म्हणूनच या भागातील प्रत्येक विंधनविहिरीच्या मुळाशी असतात. या प्रश्नांचे उत्तर जमीन न खोदता, केवळ तिच्या पृष्ठावर विद्युत व चुंबकीय मोजमापे घेऊन देण्याची जी विद्या गेल्या शतकात विकसित झाली, तिचा इतिहास मराठी वाचकांसमोर फारसा आलेला नाही. त्यातही या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतून निघतो, ही गोष्ट तर जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

पाण्याचा शोध घेण्याची परंपरा अर्थातच त्याहून फार जुनी आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात वृक्ष, वारुळे आणि मातीचा रंग यांवरून भूजलाचे अनुमान कसे करावे याचे नियम सांगितले आहेत. खेडोपाडी पाणाडी आजही बोलावला जातो. पाणाडी आणि भूभौतिकीचा अभ्यासक यांच्यात एक साम्य आहे : दोघेही वरून पाहून खालचे सांगतात. भेद आहे तो असा की, आपल्या मोजमापाशी आणखी कोणती उत्तरे तितकीच जुळतात, याचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागतो. निदान तो द्यावा, अशी अपेक्षा असते.

कुलाबा : नोंदींचा पाया

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा स्थापन केली. प्रारंभी तिचा उद्देश नौकानयनासाठी खगोलीय वेध व कालमापन हा होता. पुढे कार्ल फ्रीडरिख गाउस याच्या प्रेरणेने युरोपात जी जागतिक चुंबकीय निरीक्षणांची चळवळ उभी राहिली, तिच्या प्रभावाने १८४१ पासून येथे भूचुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. त्या वेळी एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार हे वेधशाळेचे काम पाहत होते. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही काही काळ या वेधशाळेची जबाबदारी होती, आणि पुढे गणिताचे विख्यात अध्यापक झालेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी येथे सहायक म्हणून काम केले. 'दर्पण'कारांच्या चरित्रात या कामाचा उल्लेख एखाद्या वाक्यात उरकला जातो. वस्तुतः महाराष्ट्रातील आधुनिक प्रायोगिक विज्ञानाचा आरंभ शोधायचा झाल्यास तो येथेच शोधावा लागेल.

ही निरीक्षणे कष्टाची होती. टांगलेल्या चुंबकाची स्थिती ठरावीक वेळी, दिवसरात्र, डोळ्यांनी वाचून वहीत उतरवावी लागे. चुंबकीय वादळ आले की वाचनांची वारंवारता वाढवावी लागे. या शिस्तीचे मोल फार उशिरा कळले. १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी झालेल्या विख्यात सौर वादळाच्या वेळी कुलाब्यात क्षितिजसमांतर चुंबकीय घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली होती. ती नोंद पडून राहिली आणि २००३ मध्ये भारतीय, अमेरिकी व ब्राझिली संशोधकांनी तिचे पुन्हा विश्लेषण केले तेव्हा त्या वादळाच्या तीव्रतेचे प्रत्यक्ष प्रमाण म्हणून ती जगापुढे आली.

मुंबईतील ट्रामगाड्या विजेवर चालवण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. कारण रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह सूक्ष्म चुंबकीय मोजमापे बिघडवतो. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय कार्य अलिबागला हलवले. चुंबकीय गुणधर्म नसलेल्या पोरबंदरी दगडात बांधलेली अलिबागची वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, जेणेकरून जुनी व नवी मालिका एकमेकींशी जोडता यावी. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. मूस यांनी १९१० मध्ये मुंबईच्या १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणांचे दोन खंड प्रसिद्ध केले. दोन वर्षे दोन्हीकडे खर्च सोसून नोंदी जुळवण्याची ही दूरदृष्टी कोणत्याही सर्वेक्षण संस्थेने अभ्यासावी अशी आहे.

शुस्टर, लॅम आणि मुंबईचा वाटा

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र दिवसाच्या चोवीस तासांत किंचित कमीजास्त होते. या दैनिक चलनाचे मूळ पृथ्वीच्या आत आहे की बाहेर, हे ठरवण्याची गणिती रीत गाउसने १८३८ च्या सुमारास दिली होती. मँचेस्टर येथील आर्थर शुस्टर यांनी १८८९ मध्ये ती दैनिक चलनाला लावली. त्यासाठी त्यांनी चार वेधशाळांच्या नोंदी घेतल्या : ग्रिनिच, लिस्बन, सेंट पीटर्सबर्ग आणि मुंबई. चारांपैकी तीन युरोपात व बऱ्याच उत्तरेस. उष्ण कटिबंधातील एकमेव ठिकाण कुलाबा. ते वगळले असते, तर पृथ्वीगोलावरील चलनाचा आकार ठरवणे फार अवघड झाले असते.

शुस्टर यांना आढळले की चलनाचे मुख्य कारण पृथ्वीच्या बाहेर, वातावरणाच्या उच्च भागात आहे. परंतु एक लहान भाग आतूनही येतो. आतला भाग हा बाहेरच्या बदलत्या क्षेत्रामुळे भूगर्भात प्रवर्तित झालेल्या विद्युतप्रवाहांचा परिणाम होय. विद्युतप्रवाह वाहतो म्हणजे भूगर्भ वाहक आहे, पण किती? त्यांचे सहकारी होरेस लॅम यांनी वाहक गोलातील प्रवर्तित प्रवाहांचे गणित याआधीच मांडले होते. शुस्टर यांच्या निबंधाला जोडलेल्या परिशिष्टात त्यांनी ते लागू केले. आतील व बाहेरील भागांच्या परिमाणांचे गुणोत्तर आणि त्यांच्यातील कालांतर ही दोन्ही एकसारख्या वाहकतेच्या गोलाशी जुळेनात. यावरून निघालेले अनुमान असे : पृथ्वीचा वरचा भाग कमी वाहक आणि आतला भाग अधिक वाहक असला पाहिजे.

पृष्ठावरील विद्युतचुंबकीय मोजमापांवरून आतील वाहकतेची रचना काढण्याचा हा बहुधा पहिला यशस्वी प्रयत्न. सिडनी चॅपमन यांनी १९१९ मध्ये अधिक वेधशाळांच्या नोंदी घेऊन सुमारे २५० किलोमीटर जाडीचे अवाहक कवच व त्याखाली एकसमान वाहक गाभा असे चित्र रेखाटले. १९३९ मध्ये बी. एन. लाहिरी आणि ए. टी. प्राइस यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. सुमारे ६०० किलोमीटर खोलीच्या आसपास वाहकता झपाट्याने वाढते, हे त्यांचे अनुमान पुढे दीर्घकाळ आधारभूत मानले गेले. परंतु त्या निबंधाचे खरे महत्त्व दुसरीकडे आहे. एकाहून अधिक वाहकता-रचना त्याच नोंदींशी सारख्याच चांगल्या जुळतात, हे त्यांनी स्पष्टपणे दाखवले. ही अडचण केवळ अपुऱ्या नोंदींची नाही. ती प्रश्नाच्याच स्वभावात आहे.

व्यस्त प्रश्नाचे स्वरूप

खडकांची रचना ठाऊक असेल, तर पृष्ठावर काय मोजले जाईल हे गणिताने सांगता येते. हा सरळ प्रश्न. मोजमाप हाती असताना रचना शोधणे हा व्यस्त प्रश्न. फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुस्थित प्रश्नाच्या तीन अटी सांगितल्या : उत्तर असावे, ते एकच असावे आणि मोजमापात किंचित बदल झाल्यास उत्तरातही किंचितच बदल व्हावा. भूगर्भाच्या वाहकतेचा प्रश्न व्यवहारात यांपैकी शेवटच्या दोन अटी मोडतो.

मोजमाप किती खोल पोहोचते, हे वारंवारता आणि खडकाची विद्युतरोधकता यांवर अवलंबून असते. रोधकतेला वारंवारतेने भागून आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ५०३ ने गुणावे, म्हणजे विद्युतचुंबकीय लहर ज्या खोलीवर सुमारे ३७ टक्के उरते ती खोली मीटरमध्ये मिळते. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात सेकंदाला एक आवर्तन करणारी लहर सुमारे ५ किलोमीटर जाते. चोवीस तासांचे दैनिक चलन त्याच खडकात १४०० किलोमीटरहून अधिक खोल जाईल. म्हणूनच शुस्टर यांना प्रावरणाविषयी बोलता आले, पण धानोऱ्याच्या विहिरीविषयी त्यांच्या नोंदींतून काहीही सांगता आले नसते.

विहिरीच्या प्रश्नाला हात घातला तो कॉनराड श्लुंबर्जे यांनी. १९१२ मध्ये नॉर्मंडीतील आपल्या कौटुंबिक जमिनीवर त्यांनी भूमीत विद्युतप्रवाह सोडून समविभव रेषांचा नकाशा काढला. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चार खुंट्यांची समान अंतराची मांडणी सुचवली. दोन खुंट्यांतून प्रवाह सोडावा, आतल्या दोन खुंट्यांमधील विभवांतर मोजावे आणि अंतर वाढवत न्यावे. अंतर वाढेल तसा प्रवाह खोल जातो आणि खालच्या थरांची छाया मोजमापात उमटते. १९३३ मध्ये लँगर व स्लिक्टर यांनी सिद्ध केले की, वाहकता केवळ खोलीनुसार बदलत असेल आणि मोजमापे पूर्ण व निर्दोष असतील, तर उत्तर एकच निघते. हा सिद्धान्त सुंदर आहे. पण क्षेत्रात पूर्ण व निर्दोष मोजमापे कधीच मिळत नाहीत.

याचा अर्थ धानोऱ्यासारख्या ठिकाणी काय होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. खालच्या अखंड ग्रॅनाइटची रोधकता हजारो ओहम-मीटर असते. त्याच्यावर २० मीटर जाडीचा, ४० ओहम-मीटर रोधकतेचा पाणीदार मुरूम आहे असे समजू. जाडीला रोधकतेने भागले की अर्धा सीमेन्स येतो. आता मुरुमाऐवजी ५ मीटर जाडीची, १० ओहम-मीटरची चिकणमाती घेतली, तरीही अर्धाच सीमेन्स येतो. थर पुरेसा पातळ आणि दोन जास्त रोधकतेच्या थरांमध्ये दबलेला असेल, तर मोजमाप या गुणोत्तरापलीकडे जवळजवळ काहीच ओळखत नाही. पहिल्या ठिकाणी विहिरीला पाणी लागेल; दुसऱ्या ठिकाणी चिकणमाती पाणी धरून ठेवील, पण सोडणार नाही. आलेखावर मात्र दोन्ही वक्र एकमेकांवर बसतील. रेमंड माये यांनी १९४७ मध्ये या समतुल्यतेचे पद्धतशीर विवेचन केले. हे माहीत नसणे आणि माहीत असून न सांगणे, या दोन्हींची किंमत कोरड्या विहिरीच्या रूपाने गावालाच मोजावी लागते.

गणकयंत्राचे युग आणि एक भारतीय योगदान

१९६०च्या दशकापर्यंत अर्थनिर्णय हा हाताने होत असे. पारदर्शक कागदावर क्षेत्रातील वक्र काढून तो छापील प्रमाणवक्रांवर सरकवत नेण्याची ती रीत होती. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, केंद्रीय भूजल मंडळाचे कार्यही त्याच काळात विस्तारले, आणि विद्युतरोधकता मापन हे कठीण खडकातील नित्याचे साधन झाले. याच सुमारास, १९७१ मध्ये, डी. पी. घोष या भारतीय संशोधकाने नेदरलँडमधील डेल्फ्ट येथील आपल्या कार्यातून एक अत्यंत साधी युक्ती प्रसिद्ध केली. थरांच्या गणितातील अवघड संकलनाऐवजी मोजक्या ठरावीक गुणकांनी गुणून बेरीज केली, तरी तेच उत्तर मिळते. घोष यांच्या गाळण-गुणकांमुळे जे काम मोठ्या गणकयंत्राला जड जात होते, ते साध्या यंत्रावर आले. भारतीय भूभौतिकीच्या इतिहासात या निबंधाला जितके स्थान मिळायला हवे तितके मिळालेले दिसत नाही.

गणना स्वस्त झाली, तरी अनेक उत्तरांचा प्रश्न सुटला नाही. उलट तो लपणे सोपे झाले. सोव्हिएत गणिती आंद्रेय तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये यावर तत्त्वतः उपाय मांडला : मोजमापांशी जुळणाऱ्या उत्तरांपैकी विशिष्ट गुणधर्म असलेले, उदाहरणार्थ सर्वांत सौम्य बदलाचे, उत्तर निवडावे. जॉर्ज बॅकस व फ्रीमन गिल्बर्ट यांनी १९६७ ते १९७० या काळात, दिलेल्या मोजमापातून किती तपशील विश्वासाने काढता येतो, याचेच मापन करण्याची पद्धत दिली. १९८७ मध्ये स्टीव्हन कॉन्स्टेबल व सहकाऱ्यांनी मध्ययुगीन तत्त्वज्ञ ऑकम याच्या नावाने ओळखली जाणारी व्यस्तीकरण-रीत मांडली : मोजमापांना पुरेल इतकीच रचना नकाशात ठेवावी, अधिक नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही भूमिका परकी वाटू नये. कागदपत्रे जितके बोलतात तितकेच लिहावे, हा त्याचाही नियम आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. सौम्य नकाशा हा निसर्गाचा स्वभाव नव्हे, तो निवडीचा नियम आहे. पट्टिताश्मातील अरुंद भेग ही मुळीच सौम्य नसते, आणि असा नकाशा तिला पुसट करतो.

किल्लारी, कोयना आणि नागपूर

तिखोनोव्ह यांनी १९५० मध्ये व लुई कान्यार यांनी १९५३ मध्ये, पृष्ठावरील नैसर्गिक विद्युत व चुंबकीय चलनांचे गुणोत्तर घेऊन वाहकता काढण्याची मॅग्नेटोटेल्युरिक पद्धत स्वतंत्रपणे मांडली होती. कुलाब्याच्या परंपरेतून १९७१ मध्ये स्वायत्त झालेली भारतीय भूचुंबकत्व संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी नैसर्गिक चलनांवर आधारलेले सर्वेक्षण दक्खनच्या पठारावर व सातपुड्यात केले.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने या कामाला निकड आणली. सुमारे १० हजार माणसे दगावली, आणि हा प्रदेश तर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात होता. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या हर्ष गुप्ता व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भूकंपनाभीच्या खाली उच्च वाहकतेचा पट्टा असल्याचे मांडले व तो द्रवांचा निदर्शक मानला. वाहकता वाढण्यास ग्रॅफाइटसारखी खनिजेही कारण होऊ शकतात. म्हणून पट्ट्याचे अस्तित्व आणि त्याचा अर्थ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट. किल्लारीच्या विंधनछिद्रात बेसाल्टची जाडी ३३८ मीटर आढळली. कोयनेच्या परिसरात एका छिद्रात ती सुमारे ९३३ मीटर, तर २०१७ मध्ये गोठणे येथील ३ किलोमीटर खोल छिद्रात १२४७ मीटर भरली. पृष्ठावरून केलेल्या अनुमानांना असे खुंट मिळाले की उत्तरांची संख्या झपाट्याने घटते. छिद्र हा पद्धतीचा पराभव नसून तिचा आधार आहे.

धानोऱ्याच्या सर्वांत जवळ आलेला मोठा प्रयोग नागपूर जिल्ह्यातील आहे. २०१२ नंतर केंद्रीय भूजल मंडळ व राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठाच्या सहकार्याने देशातील सहा क्षेत्रांत जलधर-नकाशांकनाचा पथदर्शी प्रकल्प राबवला. त्यात चंद्रभागा पाणलोट क्षेत्र हे महाराष्ट्रातील एकमेव. हेलिकॉप्टरखाली टांगलेल्या मोठ्या वेटोळ्यातून प्रवाह सोडून तो एकदम तोडायचा, आणि भूमीत प्रवर्तित झालेले प्रवाह कसे मावळतात हे सेकंदाच्या सूक्ष्म अंशांत मोजायचे, अशी ही रीत. बेसाल्ट व त्याखालील गोंडवन वालुकाश्म यांच्यातील वाहकतेचा फरक येथे उपयोगी पडतो. सहा क्षेत्रांपैकी कर्नाटकातील तुमकूरचे क्षेत्र मात्र पट्टिताश्माचे, म्हणजे धानोऱ्याच्या खडकाशी अधिक नाते सांगणारे.

धानोऱ्यापुरता विचार

पट्टिताश्मात हवाई पद्धतीला मर्यादा आहेत. अखंड खडक इतका अवाहक असतो की त्यातून येणारा प्रतिसाद क्षीण असतो. वरच्या मुरुमाची जाडी चांगली कळते, भेगा मात्र क्वचितच. भेगांसाठी पायी चालून करण्याचे, अतिनिम्न वारंवारतेच्या रेडिओ लहरींवर आधारलेले मापन अधिक उपयोगाचे ठरते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचे जे केंद्र १९९० मध्ये पाणबुड्यांशी संपर्कासाठी कार्यान्वित झाले, त्याच्या १८.२ किलोहर्ट्झच्या लहरी भारतीय सर्वेक्षक यासाठी वापरतात. १००० ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात त्या सुमारे ११८ मीटर खोल जातात, म्हणजे साधारण विंधनविहिरीच्या खोलीइतक्या. पाणबुडीसाठी सोडलेली लहर जंगलातील पाण्याचा माग सांगते, हा योगायोग मनोरंजक खरा. पण ती भेगेतील पाणी आणि भेगेत भरलेली चिकणमाती यांत भेद करत नाही. समतुल्यतेचा जुना प्रश्न येथेही पाठ सोडत नाही.

या भागात आणखी एका कारणाने वाहकतेचा नकाशा निरुपद्रवी कागद राहत नाही. सल्फाइड खनिजे व ग्रॅफाइट उत्तम वाहक आहेत. पाणी शोधणारे उपकरण तेच खनिजही दाखवते. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख 'ऐने अकबरी'त आहे, सुरजागडच्या लोहखनिजाची चर्चा आजची आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि आपल्या जंगलाविषयीचा निर्णय ग्रामसभेने घ्यावा हा विचार देशभर पोहोचला. अशा तालुक्यात भूमीखालचे चित्र कोणी काढले, कोणत्या गृहीतांवर काढले आणि ते कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न भूभौतिकीच्या बाहेरचे मानता येणार नाहीत. ग्रामसभेसमोर रंगीत नकाशा ठेवताना त्यासोबत त्याच मोजमापांशी जुळणारा दुसरा नकाशाही ठेवला, तर चर्चेचे स्वरूप बदलेल.

नोंदींचे जतन हा त्यातलाच भाग. कुलाब्याच्या वह्या टिकल्या म्हणून १८८९ मध्ये शुस्टर यांना आणि २००३ मध्ये सौर वादळाच्या अभ्यासकांना त्या वापरता आल्या. वेधकांनी केवळ निष्कर्ष लिहून ठेवले असते, तर दोघांनाही काही हाती लागले नसते. विहिरीची जागा ठरवण्यासाठी घेतलेल्या रोधकता मापनातही खुंट्यांमधील अंतरे, प्रत्येक वाचन, स्थळाचे अक्षांश-रेखांश आणि नंतर विहिरीत प्रत्यक्ष लागलेले थर ही चार अंगे एकत्र जपली, तर वीस वर्षांनी तीच वाचने नव्या रीतीने पुन्हा सोडवता येतात. विहीर कोरडी गेली असेल, तर तिची नोंद अधिकच मोलाची. कारण समतुल्य उत्तरांपैकी कोणते खोटे होते हे तीच सांगते. स्थानिक महाविद्यालयांतील भूगोल, भौतिकशास्त्र व भूशास्त्र विभागांच्या आवाक्यातले हे काम आहे, आणि त्यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही.